एलएलबीचं पहिलं वर्ष पुण्यात झालं, आता ठाण्यात यायचंय. क्रेडिट धरतात का?

मृणाल_दिघा

नमस्कार. मी दिघ्याची. तीन वर्षांच्या एलएलबीचं पहिलं वर्ष पुण्यात हॉस्टेलवर राहून केलं. एप्रिलमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. आई रबाळ्याला कंपनीत पॅकिंगला जाते. तिनं नोकरी सोडली तर घर चालणार नाही. भाऊ यंदा दहावीला. म्हणजे दुपारी बाबांजवळ मीच हवी. ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे सकाळचं कॉलेज मिळालं तर शिक्षण चालू राहील, नाहीतर सुटलंच.

पहिल्या सत्राचे सगळे पेपर पास झालेत. दुसऱ्याचा निकाल यायचाय, त्यात एक पेपर डळमळीत गेलाय. मला विचारायचंय की दुसऱ्या विद्यापीठात गेलं तर पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे जमा होणारे एकक, धरतात का? डिजिलॉकरमध्ये अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) काढलाय, तिथे क्रेडिट दिसतात, मग ते आपोआप पुढे जात नाहीत का? आणि एखादा बॅकलॉग, म्हणजे नापास झालेला पेपर, राहिला तर? पुण्याच्या कॉलेजात विचारलं तर म्हणाले, तिकडे विचारा. इकडे एका कॉलेजात गेले तर म्हणाले, तिकडून कागद आणा. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

ओंकार_नेरूळ

माझ्या माहितीप्रमाणे परत सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन पहिल्या वर्षापासूनच यावं लागतं. माझ्या मित्राला असंच सांगितलं होतं.

संध्या_कळवा

ओंकार, असं नाही. सीईटी पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी असते. मधल्या वर्षाला येणारा विद्यार्थी बदलीने येतो, त्याचा मार्ग वेगळा. तुमच्या मित्राला कोणीतरी झटकून लावलं असणार. असं ऐकून माणसं अख्खं वर्ष घालवतात म्हणून आधी हे लिहिलं.

मृणाल, मी २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून पहिलं वर्ष संपवून ठाण्यात आले. मिस्टरांची बदली झाली, मुलगी चार वर्षांची. आता तिसऱ्या वर्षाला आहे. जे केलं ते सविस्तर सांगते, कारण मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

अपारचं आधी. त्या आयडीला जोडलेलं क्रेडिट बँकेतलं खातं पासबुकासारखं आहे. तुमच्या नावावर काय जमा आहे ते त्यात दिसतं. पण ते आमच्या पदवीत धरायचं की नाही, हे घेणारं विद्यापीठ ठरवतं, आणि ते क्रेडिटची बेरीज बघत नाही, एकेक पेपर बघतं. 'माझे इतके क्रेडिट झालेत' या वाक्याचा तिथे काही उपयोग होत नाही. 'हा पेपर मी शिकले आणि त्यात हे हे होतं' एवढंच चालतं.

यातली खरी अडचण अशी. वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत कोणते विषय शिकवायचे ते दिलंय: सक्तीचे २०, प्रात्यक्षिकाचे ४, शिवाय ऐच्छिक. त्यामुळे कुठेही शिका, करार, अपकृत्य, संविधान, पुरावा हे येणारच. पण कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. मुंबई विद्यापीठात माझ्या वेळी पहिल्या वर्षाला श्रम कायदा, करार, अपकृत्य, लीगल लँग्वेज, फौजदारी, संविधान, कौटुंबिक कायद्याचा पहिला भाग आणि पर्यावरण होतं. आमच्या जुन्या ठिकाणी पर्यावरण तिसऱ्या वर्षाला होतं आणि प्रशासकीय कायदा पहिल्याच वर्षी झालेला. म्हणजे एक पेपर इकडे कमी आणि एक जास्त. कमी असलेला पेपर नव्या विद्यापीठात वेगळा द्यावा लागतो. जास्तीचा पुढे येतो तेव्हा सूट लेखी घेतलेली नसेल तर पास असूनही पुन्हा परीक्षेला बसवतात. माझ्या वर्गात एकीला बसावं लागलं.

म्हणून तुम्ही आजच एक काम करा. दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम छापून शेजारी ठेवा. कळव्याला दीड खोलीत मुलगी झोपल्यावर मी स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन्ही कागद पसरून बसायचे. डाव्या कागदावरचा एक मुद्दा वाचायचा, उजव्या कागदावर शोधायचा, सापडला की दोन्हीकडे पेन्सिलने तोच आकडा घालायचा. करारात माझ्याकडे भारतीय करार अधिनियमाची कलमं १ ते ७५ होती, इकडे त्याच पेपरात विशिष्ट साहाय्य अधिनियमही होता. नाव एकच, पण आतला मजकूर वेगळा! त्यासाठी मी जुन्या कॉलेजच्या प्राध्यापकांकडून वर्गात ते प्रकरण शिकवल्याचं पत्र आणलं. आकडे मांडलेला तक्ता अर्जाला जोडला. कलिनाला विद्यापीठात तो बघितल्यावर समोरच्या मॅडम माझ्याशी पहिल्यांदा मान वर करून बोलल्या. छापलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर जुन्या कॉलेजचा गोल शिक्का आणि प्राचार्यांची सही हवी. इंटरनेटवरून काढलेला साधा कागद परत करतात.

आता क्रम. इथेच माणसं फसतात. टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आधी काढू नका. आधी ठाण्यातलं कॉलेज 'जागा आहे, घेऊ' असं लेखी देईल, मग जुन्या कॉलेजची एनओसी (ना हरकत पत्र), मग टीसी, मग जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला), आणि शेवटी इकडच्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्र असल्याचं पत्र). टीसी म्हणजे नाव कापलं. नाव कापल्यावर इकडे जागा गेली तर तुम्ही कुठल्याच कॉलेजच्या राहत नाही.

माझ्या जुन्या कॉलेजनं एनओसी तीन आठवडे दिली नाही. म्हणाले, उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मग न्या काय न्यायचं ते. माझी दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रंही त्यांच्याकडेच. मी रडले, भांडले नाही. मग एका वकील काकांनी सांगितलं की तोंडी बोलू नको, अर्ज दे आणि पोच घे. मूळ कागद अडवून ठेवू नयेत आणि फी परतीचे नियम पाळावेत, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या सूचनेत आहे. ती अर्जाला जोडली. आवकचा शिक्का मारून घेतला. आठ दिवसांत कागद हातात आले.

तुमचा एक प्रश्न राहिला, बॅकलॉगचा. इकडे त्याला केटी म्हणतात, कॉलेजात तोच शब्द वापरा. निकाल लागेपर्यंत थांबा. पेपर पास झाला नाही तर माझ्या पाहण्यात बहुतेक कॉलेजं फाइल घेतच नाहीत, कारण अर्धा पेपर जुन्या विद्यापीठाकडे आणि अर्धी मुलगी इकडे असं होतं. शंका असेल तर निकालाच्या दिवशीच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा.

एक गोष्ट उगाच आठवली. मी फौजदारीचा पेपर भारतीय दंड संहितेवर दिला आणि ठाण्यात येईपर्यंत १ जुलै २०२४ ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पेपर धरला गेला, पुन्हा द्यावा लागला नाही. पण कोर्ट नाक्यावर इंटर्नशिपला बसले तेव्हा सगळे खुनाच्या कलमाला १०३ म्हणत होते आणि मी मनात ३०२ शोधत होते. पंधरा दिवस रात्री बसून नवी संहिता वाचली. जुनी वायाही गेली नाही. १ जुलैच्या आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालतात, आणि तिथे माझं पाठ होतं.

बाबांना लवकर बरं वाटो. ठाण्याला कोर्टाजवळ येणं झालं तर कळवा, माझा पेन्सिलचा तक्ता अजून आहे, दाखवते.

कार्यालयातला_माणूस

मी एका विधी महाविद्यालयाच्या कार्यालयात १९ वर्षं आहे. संध्याताईंचं सगळं बरोबर आहे, आतल्या बाजूचं थोडं सांगतो.

बाळ, आमच्याकडे एका तुकडीला ६० च्या वर मुलं घेता येत नाहीत, हा बार कौन्सिलचा नियम. त्यामुळे पहिली पाहायची ती दुसऱ्या वर्षातली रिकामी जागा. पहिल्या वर्षातून कोणी सोडून गेलं, नापास होऊन मागे राहिलं, की ती होते. हे निकालानंतर आठवडाभरात कळतं. त्या आठवड्यात येऊन भेट. प्राचार्यांना भेटायच्या आधी कार्यालयात जागा किती आहेत ते विचार, मग आत जा.

उशीर करू नको. हजेरी ७० टक्के लागते आणि सत्र सुरू होऊन महिना गेल्यावर आलेल्या मुलीला ती भरून काढता येत नाही. बाबांच्या आजाराचे कागद, डिस्चार्ज कार्ड, अर्जासोबत जोड. बदलीचं कारण लिहायला रकाना असतो. त्यात 'घरगुती अडचण' असं लिहिणाऱ्याची फाइल मागे पडते. 'वडिलांना पक्षाघात, घरात दुपारी दुसरं कोणी नाही' असं स्पष्ट लिही.

आणि इंटर्नशिपची डायरी पुण्यातच सही-शिक्क्यानं पुरी करून आण. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे लागतात. झालेले आठवडे सिद्ध करायला मागे पुण्याला जाणारी मुलं मी बघितलीत.

खारघर_निखिल

काका, याच धाग्यात विचारतो. मी पाच वर्षांच्या एकत्रित (पदवी आणि एलएलबी) अभ्यासक्रमाची तीन वर्षं पूर्ण केलीत. तिसऱ्या वर्षाची पदवी घेऊन तीन वर्षांच्या एलएलबीत दुसऱ्या वर्षाला येता येईल का? एक वर्ष वाचेल.

कार्यालयातला_माणूस

नाही. २००८ च्या नियमांतला १३ वा नियम वाच. एकत्रित अभ्यासक्रम मध्येच तोडून पदवी घेता येत नाही आणि पदवीच्या जोरावर मधूनच आत येताही येत नाही. आणि हिशेब कर, राहिलेली दोनच वर्षं आहेत. तिथेच राहून पूर्ण कर. कॉलेज बदलायचं असेल तर पाच वर्षांतून पाच वर्षांतच.

मृणाल_दिघा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, पण झालेलं सांगायला हवं.

निकाल लागला, डळमळीत वाटलेला पेपर पास झाला, ४८ गुण. त्याच दिवशी ठाण्याला गेले. पहिल्या कॉलेजात जागा नव्हती. दुसऱ्यात दोन होत्या. काकांनी सांगितल्याप्रमाणे कारणाच्या रकान्यात जसं आहे तसं लिहिलं. प्राचार्य मॅडमनी डिस्चार्ज कार्ड वाचून विचारलं, दुपारी बाबांना कोण भरवतं. मी म्हटलं, मी. त्यांनी त्याच कागदावर 'एलिजिबिलिटीच्या अधीन राहून प्रवेश' लिहून सही केली.

संध्याताई, तुमच्या पद्धतीनं तक्ता केला. आठपैकी सहा पेपर जुळले. एक पेपर मला इथे वेगळा द्यावा लागणार आहे. आठव्यात एक प्रकरण कमी होतं, पण सरांचं पत्र मिळालं, तो धरला. टीसी मी शेवटीच काढली. पुण्याच्या कॉलेजनं अडवलं नाही, उलट हॉस्टेलचं डिपॉझिटही दिलं.

गेल्या सोमवारी एलिजिबिलिटीचं पत्र आलं. आता ६:२० ची ठाणे गाडी धरते, मधे ऐरोली स्टेशनही नाही लागत, दिघा गावानंतर थेट ठाणे. ११:३० ला घरी असते. बाबा डाव्या हातानं चमचा धरायला लागलेत. राहिलेला पेपर नोव्हेंबरात आहे. त्याच्या नोट्स कोणाकडे असतील तर हव्यात.