ग्रीस न पाहिलेला 'ग्रीक' थॉमसन

स्कॉटलंडमधील ग्लासगोचा वास्तुविशारद अलेक्झांडर थॉमसन याला 'ग्रीक' हे बिरुद त्याने अथेन्सला जाऊन केलेल्या अभ्यासामुळे मिळाले असावे, असे एका सदस्यांनी म्हटले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १८१७ साली बाल्फ्रन गावी जन्मलेला आणि लहानपणीच पोरका झालेला हा माणूस ब्रिटनबाहेर कधी गेलाच नाही. ग्लासगोत एका वकिलाच्या कचेरीत काम करत असताना त्याची चित्रे पाहून रॉबर्ट फूट या वास्तुविशारदाने त्याला हाताखाली घेतले. पुढे ग्रीस आणि इजिप्त त्याला भेटले ते पुस्तकांतल्या आराखड्यांतून, आणि कदाचित म्हणूनच तो त्यांची निव्वळ नक्कल करत बसला नाही, असे मला वाटते.

ग्लासगोच्या कॅथकार्ट भागातील त्याने बांधलेले होमवुड हे कागद गिरणीमालकाचे घर (१८५७-५८) पाहावे. तेथे दिवाणखान्याच्या अर्धवर्तुळाकार खिडकीत दगडी खांब सुटे उभे आहेत आणि काचा त्यांच्या मागे, खांबांना न चिकटता बसवल्या आहेत. ग्लासगोतल्याच सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरील त्याच्या चर्चमध्ये तर चढावर प्रचंड जोते रचून त्यावर ग्रीक धाटणीचे देऊळच बसवले आहे, आत मात्र ओतीव लोखंडाचे खांब! १८७५ साली तो वारला. त्याचे क्वीन्स पार्क चर्च १९४३ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले.