ओव्हरक्लॉकिंगसाठी बायॉस अद्ययावत करणे : गरज की विनाकारण ओढवलेली जोखीम?

चिपचिकित्सक :
प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी कूलरकडे आणि मग रॅमकडे जाते. बायॉस (संगणक सुरू करणारी आणि हार्डवेअरची सेटिंग्ज सांभाळणारी मदरबोर्डवरील मूळ प्रणाली) मात्र मदरबोर्ड विकत घेतला त्या दिवशी होता तोच राहतो. माझ्या मते सुरुवात बायॉसपासूनच व्हायला हवी. २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझेन प्रोसेसर आले, तेव्हा ३२०० च्या रॅम अनेक बोर्डांवर त्या वेगाला टिकतच नसत. त्याच वर्षी मे महिन्यात एजेसाची (बायॉसमधला एएमडीने पुरवलेला मूळ भाग) १.०.०.६ ही आवृत्ती आली, तिने मेमरीची २६ नवी सेटिंग्ज खुली केली आणि तीच रॅम त्याच बोर्डावर नीट चालू लागली. रायझेनमधील इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरचे भाग एकमेकांना जोडणारा अंतर्गत दुवा) वेग मेमरीच्या घड्याळाशी बांधलेला असल्याने (२६६६ ला १३३३ मेगाहर्ट्झ, ३२०० ला १६००) त्याचा लाभ थेट प्रोसेसरला झाला, आणि तोही एक रुपया खर्च न करता.

जुनाजाणता :
आपले उदाहरण खरे असले तरी ते मेमरीचे आहे. त्या पिढीतील रायझेनचे कोअर (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणना करणारे भाग) सर्वसाधारण कूलरवर ४.० ते ४.१ गिगाहर्ट्झच्या आसपास अडत, आणि बायॉस कितीही नवा घातला तरी ती भिंत हलली नाही.

शिवाय नवा बायॉस देतो तसा काढूनही घेतो, याकडे आपण दुर्लक्ष केले आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळ गुणिले गुणक; इंटेलच्या आय३-६१०० या प्रोसेसरचा गुणक ३७ वर कुलूपबंद होता. पण २०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड कंपन्यांनी अशा प्रोसेसरांसाठीही मूळ घड्याळ वाढवू देणारे बायॉस काढले. १०० मेगाहर्ट्झचे १२० केले की ३.७ गिगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर ४.४४ वर धावे. त्या बदल्यात अंगभूत ग्राफिक्स बंद पडत, कोअरचे तापमान नीट कळत नसे आणि एव्हीएक्सचा (जड गणितासाठीच्या खास सूचनांचा) वेग ढासळे. तरीही लोक खूश होते. २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत इंटेलने नव्या मायक्रोकोडने (बायॉससोबत येणारा, प्रोसेसरचे अंतर्गत वर्तन ठरवणारा कोड) ही वाट बुजवली. ज्यांनी 'नवे ते चांगले' म्हणून पुढचा बायॉस घातला, त्यांनी स्वतःच्या हाताने ही सोय घालवली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरांमधील सुरक्षेची त्रुटी जाहीर झाल्यानंतर कित्येक लॅपटॉपांवरील अंडरव्होल्टिंगचीही (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी करण्याची सोय) हीच गत झाली.

शून्यएक :
जुनाजाणता यांचा मुद्दा २०१६ पुरता मान्य आहे, परंतु अलीकडच्या प्रोसेसरांना तो लावणे घातक ठरेल. २०२३ मध्ये काही रायझेन ७८००एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटसह जळाले. एक्सपो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग्ज) सुरू करताच काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक भागाचे व्होल्टेज) परस्पर वाढवत होते, आणि नंतरच्या बायॉसमध्ये त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. जादा व्होल्टेजमुळे तोवर प्रोसेसरांचे जे नुकसान झाले होते ते मात्र कोणत्याही बायॉसने भरून निघाले नाही. असे प्रोसेसर जुन्या बायॉसवर ओव्हरक्लॉक करणे याला मी धाडस म्हणणार नाही, तो निव्वळ निष्काळजीपणा आहे.

जुनाजाणता :
ही सुरक्षेची दुरुस्ती झाली, आणि ती घ्यावीच. धाग्याचा विषय वेग वाढवण्याचा आहे. त्यासाठी बायॉसने कोअरला नेमके काय दिले?

चिपचिकित्सक :
कर्व्ह ऑप्टिमायझर दिला, म्हणजे प्रत्येक कोअरचे व्होल्टेज वेगवेगळे उतरवण्याची सोय. रायझेन ५००० बाजारात आल्यानंतर, २०२० च्या अखेरीस, ही सोय बायॉसमधूनच आली. प्रत्येक कोअरला उणे ३० पर्यंत आकडा देता येतो आणि एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. व्होल्टेज उतरले की उष्णता घटते आणि प्रोसेसर स्वतःहून अधिक काळ वरच्या वेगावर राहतो.

अद्ययावत करताना पथ्ये मात्र पाळावीत. साठवलेली प्रोफाइल (सेटिंग्जचे संच) बहुधा पुसली जातात किंवा नव्या आवृत्तीत उघडत नाहीत, म्हणून सगळी सेटिंग्ज आधी कागदावर उतरवावीत अथवा पडद्याचे फोटो काढावेत. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी सोय) सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. ज्यांच्याकडे भरदुपारी वीज जाते (आपल्याकडे हे सांगायला नकोच), त्यांनी यूपीएसशिवाय फ्लॅशला (नवा बायॉस चढवण्याला) हात लावू नये. अद्ययावत झाल्यावर आधी मूळ सेटिंग्जवर चाचणी घ्यावी. जुन्या बायॉसवर एखाद्या कोअरला उणे २० चालत होते, म्हणून नव्यावरही चालेल असे गृहीत धरू नये.

जुनाजाणता :
कर्व्ह ऑप्टिमायझरबाबत आपले म्हणणे मान्य. तरीही, ज्याचा ओव्हरक्लॉक महिनोन्महिने स्थिर आहे आणि ज्याच्या प्रोसेसरला शून्यएक यांनी सांगितलेला धोका नाही, त्याने बदलांच्या यादीत केवळ 'प्रणालीची स्थिरता सुधारली' एवढेच लिहिलेला बायॉस घालू नये, हे माझे मत कायम आहे. काही आवृत्त्यांवरून मागे फिरता येत नाही, आणि ही सूचना बहुधा त्याच यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली असते.