एमएस्सी बॉटनी झालंय, बेळगावात संशोधनाची कामं निघतात का?

जांबोटीची_मेघा
मी खानापूर तालुक्यातली. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एमएस्सी केलं. नेट (संशोधन-प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अजून निघाली नाही. घरचे म्हणतात बी.एड. कर, पण मला लॅबमधलंच काम हवंय, फेलोशिप असो नाहीतर टेक्निशियनचं. विद्यापीठांच्या साइटवर ‘करिअर’ उघडलं की प्राध्यापकांच्या जुन्या जाहिराती दिसतात. कन्नड बोलते, लिहिताना अडखळते.

हिंडलगेकर
कायमची नोकरी हवी तर केईए, केपीएससी या कर्नाटकातल्या सरकारी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडं लक्ष ठेव. तिथं कन्नडची तयारी लागतेच. आणि 371 जे, म्हणजे घटनेतलं कल्याण कर्नाटकासाठीचं आरक्षणाचं कलम, आपल्याला लागू नाही, ते कलबुर्गी, बिदर, बळ्ळारीकडच्यांना. क्लासवाले सगळ्यांना एकच सांगत बसतात.

शहापूरची_ताई
मेघा, मी प्रोजेक्टवरच काम करते. आधी औषधी वनस्पतींवर होते, आता माता-बाल आरोग्याच्या सर्व्हेत आहे.

‘करिअर’चं पान सोड. प्रोजेक्टची पदं विभागाच्या पानावर, नाहीतर ‘नोटिफिकेशन’ किंवा ‘वॉक-इन’खाली येतात आणि थोडेच दिवस राहतात. तू आधी नेहरूनगरातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था बघ. ते विद्यापीठ नव्हे, पण तुझ्या विषयाला त्याहून जवळचं ठिकाण बेळगावात नाही. मग केएलईचं विद्यापीठ, राणी चन्नम्मा, आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ.

पदाच्या नावावर जाऊ नकोस. आयसीएमआरच्या जाहिरातीत ‘प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-3’ असं लिहिलेलं असतंय, ते पद पदवी आणि अनुभव किंवा एमएस्सीवर मिळतं, 28,000 अधिक घरभाडं. नेट असती तर जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिपला) 2023 पासून महिना 37,000 आहेत, म्हणून अभ्यास सोडू नकोस.

जाहिरातीत ‘को-टर्मिनस’ (प्रकल्प संपला की पदही संपणार) दिसलं की प्रकल्पाचे किती महिने उरलेत ते मुलाखतीतच विचार. पगार दर महिन्याला होतो की अनुदान आल्यावर, तेही विचार. एका ठिकाणी अनुदान अडकलं आणि आम्ही सगळे पगाराविना काम करत राहिलो, ते फार वाईट दिवस होते. एजन्सीमार्फत घेत असतील तर पीएफचा नंबर मिळणार का, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घे.

आणि तुझं कन्नड कमी लेखू नकोस. सर्व्हेत संमतीपत्र समोरच्याला कळेल त्या भाषेत समजावून सांगावं लागतंय. परवा येळ्ळूरच्या एका घरात सासू मराठी बोलणारी, सून बैलहोंगलची. दोघींना एकाच बसण्यात समजावायचं होतं, आणि बेंगळुरूहून आलेला सहकारी नुसता बघत राहिला. दोन्ही भाषा येणारी मुलगी इथल्या प्रकल्पांना फार हवी असते. बायोडेटात ते वरच लिही.

निपाणीकर_74
कोल्हापूरही बघा. शिवाजी विद्यापीठाच्या साइटवर प्रोजेक्टच्या मुलाखती लागतात. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या भरतीत, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांना 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. जाहिरातीत तो परिच्छेद नीट वाचा. दाखला आधीच काढून ठेवा, ऐन मुदतीत तहसील कार्यालयात नुसत्या चकरा होतात.

जांबोटीची_मेघा
ताई, डेझर्टेशनला चोर्ला घाटातल्या वनस्पतींचं हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) केलं होतं, सॉक्सलेट उपकरणावर अर्कही काढले. बायोडेटात फक्त ‘डेझर्टेशन: औषधी वनस्पती’ एवढंच आहे.

शहापूरची_ताई
एवढ्यावर कोण बोलावणार गं! कुठल्या जाती गोळा केल्यास, ओळख कुणाकडून पडताळलीस, अर्क कशात काढलास, टीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून बघायची चाचणी) केलीस का, सगळं लिही. मुलाखत घेणाऱ्याला उद्यापासून काम येणारी माणसं हवी असतात. नाव-फोन काढून बायोडेटा इथं टाक, रविवारी बसून बघते.