छिद्रं लहान, आतलं काम तेच

‘पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन केलं की कॅन्सर नीट निघत नाही’ असं काहींचं मत असतं; मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपुरतं तरी ते जुनं झालं. नव्वदच्या दशकात छिद्रांच्या जागी कॅन्सरच्या गाठी उगवल्या तेव्हा सर्जनही धास्तावले होते. मग अमेरिका-कॅनडात ८७२ रुग्णांवर चाचणी झाली: काहींचं ऑपरेशन दुर्बिणीतून, काहींचं पोट उघडून. २००४ च्या निकालात ३ वर्षांनी आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. गुदाशयाचं (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं) प्रकरण मात्र इतकं सरळ नाही.

त्याच चाचणीत दुर्बिणीवाल्या पाचांतल्या एकाचं पोट मध्येच उघडावं लागलं, हेही लक्षात ठेवा. संमतीपत्रात तशी ओळ असते, ती सही करण्याआधी वाचा. शिवाय कापलेलं आतडं बाहेर काढायला एक बऱ्यापैकी छेद लागतोच, आणि आतड्याची टोकं जिथे जोडतात तो आतला जोड गळण्याची भीती दोन्हीकडे असते.