मदत हवी आहे: गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी हलत नाही, आत पांढरा थर

खटपट_पुणे:
जुन्या बाजारातून गोटी सोड्याची बाटली घेतली आहे. गोटी अडकली आहे, आत पांढरट थर आहे. व्हिनेगर घालून झालं, फरक नाही. शनिवारी प्रदर्शनात मांडायची आहे. गोटी बाहेर काढून आतून साफ कशी करायची? किती जुनी असेल तेही सांगा. जरा लवकर.

काचघर:
गोटी बाहेर येणार नाही, तो नाद सोडा. गोटी आत टाकून मगच तोंडाची काच घडवतात. रामुने या जपानी गोटी सोड्याच्या हल्लीच्या बाटल्यांचं प्लास्टिकचं तोंड फिरवून गोटी निघते, तसले व्हिडिओ बघून इथे जोर लावाल तर ओठाची कपची उडेल.
अडकली नेमकी कुठे? वर रबराला चिकटली आहे की खाली मानेतल्या चिमट्यात, म्हणजे काच दाबून अरुंद केलेल्या जागेत? रबर आहे का? व्हिनेगर किती वेळ ठेवलंत? बाटलीवर काय लिहिलंय? यातलं काहीच सांगितलं नाहीत.

सोडावाला_नगर:
गोटी सोड्याचा धंदा काढायचा असेल तर आधी अन्न परवाना घ्या. बाटल्या अजूनही हाथरसजवळच्या सासनीला बनतात. हातचाकाचं मशीन घ्या. बाटली चौकटीत अडकवून चाक फिरवलं की गॅस पाण्यात मुरतो, बाटली उलटी झाली की गोटी तोंडाशी येते आणि गॅसचा दाब तिला रबरावर दाबून धरतो.

खटपट_पुणे:
धंदा काढायचा नाहीये. गोटी वर रबराला चिकटली आहे. रबर काळं, दगडासारखं कडक. व्हिनेगर दहा मिनिटं ठेवलं.

काचघर:
दहा मिनिटांत क्षार सुटत नाही. मुळात गोटी वर बसली असेल तर व्हिनेगर आत गेलंच नसेल. आधी गोटी सोडवा.
कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून बाटली रात्रभर तोंडापर्यंत बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, जुनी काच तडकते. सकाळी ओठाच्या भोकात बसेल अशी लाकडी दांडी घेऊन सरळ खाली दाबा. हातोडी नाही, लोखंडी सळई तर अजिबात नाही. सुटली नाही तर रबरावर ग्लिसरीनचे चार थेंब सोडा आणि परत रात्रभर थांबा. गोटी खाली गेल्यावर क्रोशाच्या सुईने रबर तुकड्यातुकड्याने काढा. ते ओठाच्या आतल्या खाचेत बसलेलं असतं, एकदम ओढू नका.

भंगारवेडा:
थरासाठी भिजवण्यात वेळ घालवू नका. टंबलरला, म्हणजे बाटली फिरवत घासणाऱ्या मशीनला लावा. तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे, चमचाभर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, पाणी. चार-पाच दिवसांत आरसा.

काचघर:
गोटी मोकळी ठेवून टंबलर लावला तर ती आतून मानेवर हातोड्यासारखी आपटते. लावायचाच तर आधी फोम कोंबून गोटी पक्की करावी लागते. शिवाय बाहेरून घासलं की उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि संग्राहक आधी तेच बघतो. शनिवारपर्यंत तर होणारच नाही.

भंगारवेडा:
अक्षरांवर चिकटपट्टी लावली की कडा शाबूत राहतात. धुरकट बाटली कोण बघणार?

जुनीकाच:
दोघेही थांबा, थर कसला आहे ते कुठे ठरलंय? बाटली आतून पाण्याने ओली करा. धुरकटपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला तर काचच झिजली आहे. पुरलेल्या बाटल्यांत हे नेहमीचं. आम्ल वापरून ते जात नाही. ओलं असतानाही पांढरं दिसलं आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर तो पाण्याचा क्षार. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, बारा तास.
आत तांदूळ टाकून हलवू नका. गोटी आणि चिमटा यांच्यामध्ये तांदूळ फुगून बसतो. जाडं मीठ आणि व्हिनेगर घ्या, मीठ शेवटी विरघळून जातं.

पारशीखाऊ:
सोड्याचा विषय निघालाच आहे तर पारशी सोडा कंपन्यांपैकी पालनजी १८६५ची, पुण्याच्या कँपातली अर्देशीर १८८४ची. ड्यूक्स १८८९ची, ती १९९४ साली पेप्सीने घेतली. रास्पबेरी सोड्याशिवाय पारशी लग्नाचं जेवण नाही!

खटपट_पुणे:
ओली केली की साफ दिसते, वाळली की परत धुरकट. म्हणजे झिजलेली. गोटी आज सुटली. बाटलीवर उठावात इंग्रजीत कंपनीचं नाव आणि POONA आहे. तळाला काही नाही.

जुनीकाच:
मग घासू नका. प्रदर्शनापुरतं आतून मिनरल ऑइलचा पातळ थर फिरवला तर काच स्वच्छ दिसते. फक्त चिठ्ठीवर ‘तेल लावलेली’ असं लिहा. न सांगता विकणं म्हणजे फसवणूक.
वयाचं म्हणाल तर ‘पूना’चं अधिकृत ‘पुणे’ १९७८ साली झालं. पण साचे बदलायला कंपन्या घाई करत नसत, म्हणून त्यावर एकट्यावर जाऊ नका. माप औंसात आहे की मिलिलिटरात बघा. मेट्रिक मापं १९५६च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. पिनकोड असेल तर १९७२ नंतरची. ‘कॉड्स पेटंट’ किंवा इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या बाटली-कारखानदार डॅन रायलंड्सचं नाव असेल तर विलायतेहून आलेली. हायरम कॉडची ही रचना १८७०च्या दशकातली, त्याआधीची गोटी बाटली कोणी विकत असेल तर घेऊ नका.

भंगारवेडा:
साच्याची रेघ ओठाखाली थांबते का बघा. थांबली तर जुनी.

जुनीकाच:
गोटी बाटलीला हा नियम लागत नाही. ओठ वेगळा घडवला की रेघ खालीच थांबते, सासनीच्या नव्या बाटलीतही. त्यापेक्षा तळाची झीज बघा. क्रेटमध्ये फिरलेल्या बाटलीच्या तळाच्या कडेवर उलटसुलट बारीक ओरखडे असतात. सगळे एकाच दिशेचे असले तर मुद्दाम घासलेली.

खटपट_पुणे:
माप कुठेच नाही. ओरखडे उलटसुलट आहेत. नवीन रबर कुठलं घेऊ?

काचघर:
दुकानात जायच्या आधी खाचेचं माप घ्या. घट्ट मळलेली कणीक ओठात दाबून खाचेचा ठसा घ्या, जाडी आणि बाहेरचा व्यास मोजा. हार्डवेअरवाल्याकडे त्या मापाचा ओ-रिंग मिळतो. खाचेपेक्षा जाड घेतला तर गोटी बसणार नाही, पातळ घेतला तर तो आत पडेल. मांडणीसाठी एवढं पुरे. झिजलेल्या काचेच्या बाटलीत गॅस मात्र भरू नका, दाबाने फुटते.