मायोटॉमी : कापणे, काढणे की छेद देणे?

अन्वय : वृद्धांच्या गिळण्याच्या शस्त्रक्रियेवरचे पत्रक मराठीत करायचे आहे. ‘क्रिकोफॅरिंजियल मायोटॉमी’ला ‘घशाचा स्नायू कापून काढणे’ म्हणावे का?

टाका : नको, अर्थच फिरतो. ‘टॉमी’ म्हणजे फक्त छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे आणि ‘स्टॉमी’ म्हणजे नवे तोंड पाडणे. घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे कड्यासारखा स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि घास आला की सैल पडतो. सैल पडत नसेल तर त्याला उभे चिरतात. स्नायू जागेवरच राहतो, आवळ तेवढी सुटते. मराठीत ‘कापणे’ दोन्हींकडे चालते : कलिंगड कापले तर चिरले, नखे कापली तर टाकून दिली. म्हणून ‘स्नायूला उभा छेद देणे’ लिहा.

अन्वय : आणि ‘झेंकर्स डायव्हर्टिक्युलम’?

टाका : ‘झेंकरची पिशवी’. ‘गाठ’ अजिबात लिहू नका, नातेवाईक कॅन्सर समजून बसतात. स्नायू उघडत नाही, वरून दाब येतो आणि त्याच्या लगेच वर, घशाच्या मागच्या भिंतीतल्या दुबळ्या जागेतून आतले अस्तर फुगून बाहेर येते. झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८७७ साली याची सविस्तर मांडणी केली, नाव त्याचेच राहिले. मूळ दोष स्नायूत आहे. नुसती पिशवी काढली आणि छेद दिला नाही, तर टाके उसवून गळती होण्याची आणि पिशवी पुन्हा होण्याची भीती राहते.

वैखरी : इथे मराठीचा एक चांगला फरक वापरा : घसा आतला, गळा बाहेरचा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ‘तोंडावाटे, घशातून’ होते. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पडद्यातच तो स्नायू असतो, तो पडदा स्टेपलरने, म्हणजे चिरतानाच कडा टाचून बंद करणाऱ्या उपकरणाने, चिरतात. स्टेपलर टोकापर्यंत चिरत नाही, शेवटचा साधारण सेंटिमीटरभर पडदा उरतो. म्हणून लहान पिशवीला तो सोयीचा नाही. मान मागे वळत नसेल किंवा जबडा पुरेसा उघडत नसेल तर न वाकणारी ताठ दुर्बीण बसतच नाही, आणि म्हातारपणी हे वारंवार होते. मग ‘गळ्यावर, बहुधा डावीकडे, चीर देऊन’. त्यात आवाजाच्या नसेला इजा होऊन आवाज बसू शकतो. हा धोका पत्रकात स्पष्ट लिहा.

टाका : लक्षणांत ‘उलटी’ही नको. उलटी पोटातून होते. इथे काही तासांपूर्वीचा घास न पचता, आंबट न होता तोंडात येतो. ‘घास परत येणे’ हेच बरोबर. अशा रुग्णाला नाकातून नळी आंधळेपणाने सारू नये, ती पिशवीत शिरून भिंत फाडू शकते. आधी बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारे द्रव्य) गिळवून एक्स-रे.

अन्वय : पक्षाघातानंतरच्या ठसक्यालाही हेच ऑपरेशन लिहू?

वैखरी : सरसकट नाही. ‘घास उतरत नाही’ आणि ‘ठसका लागतो’ या वेगळ्या तक्रारी आहेत. पक्षाघातात आधी गिळण्याचे व्यायाम आणि दाटसर आहार. स्नायूच उघडत नाही असे तपासणीत दिसले तरच छेदाचा विचार. ‘गॅस्ट्रोस्टॉमी’ला ‘पोटावरून जठरात नळी’ म्हणा, पण ‘उपचार’ म्हणू नका. तिने पोषण मिळते. लाळ श्वासनलिकेत जायची ती जातेच.