ऑनलाइन ‘सर्टिफाइड’ हिरा घेताना नेमकं कुठे फसतं?

कोथरूड_डेपो
साखरपुड्याच्या अंगठीसाठी सुटा हिरा हवाय. गोल, ०.९० कॅरेट, कलर जी (जवळजवळ रंगहीन), क्लॅरिटी व्हीएस१ (आतले दोष अगदी बारीक), नैसर्गिक. लक्ष्मी रोडवर जे भाव सांगतात त्याच्या निम्म्याला इन्स्टाग्रामवर सुरतेचा एक विक्रेता देतोय. सर्टिफिकेटचा फोटो पाठवलाय, नंबर लॅबच्या साइटवर टाकला तर सगळं जुळतंय. लॅबचं नाव खरं, नंबर खरा, मग फसवणूक होते कुठे? आणि पैसे भरायच्या आधी काय काय बघून घ्यावं?

लूप_दहा_एक्स
नंबर जुळला म्हणजे त्या नंबरचा हिरा कुठेतरी आहे, एवढंच कळलं. तो या माणसाकडे आहे का आणि पाकिटातून तोच येणार का, हे त्या साइटला माहीत नसतं. सगळी मेख कागद आणि खडा यांच्या मधल्या फटीत आहे.

आधी निम्म्या भावाचं बघू. पहिली शक्यता, खडा लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला आहे. आयजीआय या लॅबच्या लॅबग्रोन रिपोर्टचा (सर्टिफिकेटचा) नंबर ‘एलजी’ या अक्षरांनी सुरू होतो. फोटोत नेमकी तीच दोन अक्षरं अंगठ्याखाली किंवा चमकेखाली लपलेली असतात. जीआयए या दुसऱ्या लॅबनं तर १ ऑक्टोबर २०२५पासून लॅबग्रोनला कलर-क्लॅरिटीच्या नेहमीच्या श्रेणी देणंच बंद केलं, आता फक्त ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’. त्यानंतरच्या तारखेचा, लॅबग्रोन आणि डी-व्हीव्हीएस अशा जुन्या श्रेणी लिहिलेला जीआयए रिपोर्ट कुणी दाखवला तर पुढे बोलायची गरज नाही.

दुसरी शक्यता कमी लोकांना माहीत असते: बीजीएम. म्हणजे ब्राउन, ग्रीन, मिल्की. हिरा अस्सल, रिपोर्ट अस्सल, जी-व्हीएस१ हेही खरं, पण खडा दुधाळ किंवा तपकिरी झाक असलेला. जी कलरच्या रिपोर्टवर झाकेचा रकाना नसतो आणि दुधाळपणाची वेगळी श्रेणीही नसते. व्यापारी आपसांत घेताना ‘नो बीजीएम’ बोलूनच घेतात, असा माल मागे पडतो आणि मग ‘धमाका ऑफर’मध्ये बाहेर येतो. म्हणून चॅटवर स्पष्ट लिहून घ्या: ‘नो बीजीएम, आय क्लीन’ (नुसत्या डोळ्यांना दोष न दिसणारा). व्हिडिओ दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, शेजारी दुसरा हिरा ठेवून मागा. काळ्या मखमलीवर फिरणाऱ्या खड्याचा व्हिडिओ बघून काही कळत नाही.

तिसरी म्हणजे सरळ अदलाबदल. खऱ्या रिपोर्टचा नंबर दुसऱ्याच खड्याच्या गर्डलवर (कमरेवर) लेसरनं कोरायचा. नैसर्गिक हिऱ्याच्या मापाबरहुकूम लॅबग्रोन पाडून त्यावर त्याचाच नंबर कोरल्याचे प्रकार जीआयएनं स्वतः पकडलेत. त्यामुळे ‘कमरेवर नंबर आहे’ याने निश्चिंत होऊ नका.

आणि साइटचा पत्ता हातानं टाइप करा. कार्डावरचा क्यूआर कोड लॅबच्याच साइटवर नेतो असं नाही, हुबेहूब दिसणारं पान बनवायला फार वेळ लागत नाही.

बिल_दाखवा
वर खड्याचं झालं, मी बिलाचं लिहितो. लोक इथे ढिले पडतात.

पैशाआधी प्रोफॉर्मा (आगाऊ) बिल मागा. त्यावर रिपोर्ट नंबर, लॅब, वजन, कलर, क्लॅरिटी आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द हवा. सोबत एचएसएन कोड (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) बघा: सुट्या नैसर्गिक हिऱ्याला ७१०२, लॅबग्रोनला ७१०४. तोंडानं ‘नॅचरल, नॅचरल’ म्हणणारा विक्रेता बऱ्याचदा बिलावर ७१०४ टाकतो, कारण कर खात्यापुढे खोटं बोलायची त्याची तयारी नसते. दागिना घेतला तर दोन्हीला ७११३च येतो, म्हणजे ही खूण मिळते ती फक्त सुटा खडा घेताना.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातला २४, महाराष्ट्राला २७. सुरतेचा माणूस आणि नंबर भलत्याच राज्याचा असेल तर का ते विचारा. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी चालू आहे का आणि नाव काय येतं ते बघा. पैसे ज्या खात्यात जातात त्याचं नाव तेच असलं पाहिजे. ‘अकाउंटंटच्या यूपीआयवर टाका’ म्हटलं की विषय संपला.

शक्यतो क्रेडिट कार्डानं भरा, बँकेकडे चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत) मागता येतो. यूपीआयनं आपण स्वतःहून ढकललेले पैसे परत येणं अवघड. गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लगेच लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवले गेले तरच काही हाती लागतं, तिथे तासांचा हिशोब आहे. माल आला पण वेगळा आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर ‘सुरत न्यायक्षेत्र’ छापलेलं असलं तरी बिचकू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे पुण्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार लावता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

कोथरूड_डेपो
दोघांचेही आभार. विचारल्यावर विक्रेत्यानं ‘७ दिवसांत रिटर्न, सील तोडलं तर रिटर्न नाही’ असं कळवलंय. आणि डायमंड टेस्टर पेन पाठवतो म्हणतोय, घरीच तपासा म्हणे. ते चालेल का?

लूप_दहा_एक्स
पेन त्यालाच ठेवू दे. साधं पेन उष्णता किती पटकन वाहते एवढंच मोजतं. मॉइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा) हाही उष्णता चांगली वाहतो, त्यामुळे स्वस्त पेन त्यालाही हिरा म्हणतं. लॅबग्रोन तर कार्बनच, तिथे पेन काय वेगळं सांगणार? फरक अणूंच्या पातळीवर असतो: बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो, बहुतेक लॅबग्रोनमध्ये तो जवळजवळ नसतो (टाइप टू-ए). ते पकडायला स्क्रीनिंग मशीन लागतं. आणि मशीनही टू-ए खडा फक्त बाजूला काढतं, कारण थोडे नैसर्गिक हिरेही त्या प्रकारचे असतात. शेवटचा निकाल लॅबचा.

घरी काय होतं ते सांगतो. काटा मिलिग्रॅमचा हवा. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणून ०.९० कॅरेट बरोबर ०.१८० ग्रॅम भरला पाहिजे. त्याच मापाचा मॉइसनाइट साधारण ०.१६४ ग्रॅम भरतो, झिरकॉन म्हणून विकला जाणारा सीझेड (क्युबिक झिरकोनिया) ०.२९ च्या आसपास. मग डिजिटल कॅलिपरनं व्यास. रिपोर्टवर समजा ६.१८–६.२१ × ३.८२ मिमी आहे. गोल खड्याचं ठोकताळ्याचं सूत्र: व्यास × व्यास × खोली × ०.००६१. इथे ०.८९ कॅरेट येतं, म्हणजे गणित बसलं. कॅलिपरचे जबडे हळू लावा, कड दाबली तर गर्डलला टवका उडू शकतो.

नंतर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, अंधारात. रिपोर्टवर फ्लुरोसन्स (यूव्हीत चमकणं) ‘नन’ आणि खडा निळा पेटतोय, किंवा ‘मीडियम ब्लू’ आणि खडा ढिम्म, तर तो त्या रिपोर्टचा खडा नाही. बाजारात मिळणारे बरेच टॉर्च ३९५चे असतात, त्यांचा जांभळा उजेडच खड्यात दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो.

शेवटी लूप (दहापट मोठं दाखवणारं भिंग). रिपोर्टवर ‘फेदर, क्रिस्टल’ अशी आतल्या दोषांची नावं लिहिलेली असतात आणि पूर्ण रिपोर्टवर त्यांच्या जागांचा नकाशा. कोरलेला नंबर नकली करता येतो, आतलं वैगुण्य त्याच जागी उमटवता येत नाही. म्हणूनच नकाशा असलेला रिपोर्ट मागा. जीआयएच्या डॉसिएर प्रकारात नकाशा नसतो.

तेवढ्यावरही शंका राहिली तर मुंबईत बीकेसीला जीआयएची लॅब आहे, तिथून पडताळणी करून घ्या. पण ती ७ दिवसांत बसणार का, हे आधी बघा.

बिल_दाखवा
सीलची अट म्हणजे सापळाच. सीलबंद प्लास्टिकच्या फुग्यात खडा ना तोलता येतो, ना मापता येतो. म्हणजे तपासलं की रिटर्न गेलं, आणि रिटर्न ठेवायचं तर तपासायचं नाही. पैशाआधी त्याला हे पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर घ्या:

‘पार्सल मिळाल्याच्या तारखेपासून ७ कामकाजाचे दिवस. तपासणीसाठी सील उघडायला परवानगी. वजन, माप, फ्लुरोसन्स किंवा प्रकार (नैसर्गिक/लॅबग्रोन) रिपोर्टशी न जुळल्यास पूर्ण रक्कम मूळ पेमेंटच्याच मार्गानं परत, क्रेडिट नोट नाही.’

‘मिळाल्याच्या तारखेपासून’ हे शब्द सोडू नका. डिस्पॅचपासून मोजले तर चार दिवस कुरिअरच खातं. पार्सलचा विमा पूर्ण रकमेचा आहे का तेही विचारा. कुरिअरवाल्यांच्या साध्या जबाबदारीची मर्यादा हिऱ्याच्या किमतीपुढे चिल्लर असते.

पार्सल आलं की सलग, न कापलेला व्हिडिओ: लेबल, चिकटपट्ट्या, बंद पाकिटाचं वजन, मग उघडणं, खडा काट्यावर. कॅमेरा एकदाही वळवू नका.

कारागीर_गल्ली
एक राहिलं. सुटा खडा घेऊन अंगठी इथे बनवणार असाल तर अदलाबदलीची दुसरी संधी सेटिंगला, म्हणजे खडा बसवताना असते. देण्यापूर्वी सोनारासमोर तोलून वजन आणि रिपोर्ट नंबर जॉब पावतीवर लिहून घ्या, आणि कोरलेला नंबर प्रॉन्गखाली (खडा धरणाऱ्या आकड्याखाली) झाकू नका असं सांगा. दोन प्रॉन्गच्या मधे ठेवला तर अंगठी आल्यावर लूपखाली वाचता येतो.

बिल करताना सोन्याचं वजन निव्वळ हवं. अंगठी ३.४८० ग्रॅम भरली तर हिऱ्याचे ०.१८० वजा, सोनं ३.३०० ग्रॅम. पूर्ण ३.४८०वर सोन्याचा भाव आणि घडणावळ लावली तर तुम्ही हिऱ्याचे पैसे दोनदा देताय. आणि बीआयएस केअर ॲपवर सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) बरोबर निघाला म्हणून कुणी ‘हिराही हॉलमार्कचा’ म्हटलं तर मान हलवू नका. तो फक्त सोन्याचा.

कोथरूड_डेपो
वरचा मजकूर जसाच्या तसा पाठवला. उत्तर आलं: ‘सील उघडायचं असेल तर आमचा भाव वेगळा.’

बिल_दाखवा
किती वेगळा ते विचारा. तो आकडा लक्ष्मी रोडच्या भावाशेजारी ठेवा.